दुर्बीण आधी नीट बसवा, मग पोराला बोला

आज पिकाचं नाही, घरातल्या एअरगनचं सांगतो. चूक माझी आहे म्हणून लिहितोय.

आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्य आणलं, तेव्हापासून धाकट्याला नेमबाजीचा नाद लागला. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, पण पोराला हौस. साठवलेल्या पैशातनं .177 ची स्प्रिंगची एअरगन घेतली (20 ज्यूलच्या आतली, लायसन लागत नाही) आणि वर दुर्बीण. बसवून मी दिली. दोन स्क्रू आवळले, झालं म्हणलं.

ऊस गेल्यावर मोकळ्या रानात बांधाला कागद लावला. छरे तळहाताएवढ्या जागेत विखुरले. रोज थोडे आणखी लांब. मी म्हणलं, "हात थरथरतोय तुझा, मोबाइल कमी बघ." पोरगं काही बोललं नाही. बंदूक कपाटावर ठेवली, चार दिवस हात लावला नाही.

पाचव्या दिवशी वाळूच्या पिशवीवर टेकवून मी स्वतः मारले. तसेच विखुरले. मग दुर्बीण बघितली. रिंगा खाचेत मागं सरकलेल्या, घासल्याची रेघ दिसत होती.

कारण असं. स्प्रिंगची बंदूक आधी मागं धक्का देते, मग पिस्टन पुढं आपटला की पुढं. दोन्हीकडनं झटका बसतो, म्हणून एअरगनसाठीचीच दुर्बीण लागते आणि रिंगेमागं अडणीही लागते. मी अडणी लावलीच नव्हती.

दुसरं, खालच्या रिंगांवर नुसती नळी ठेवली तर एका बाजूनं कागद आत जायचा. म्हणजे दोन्ही रिंगा एका लाइनीत नाहीत. मोटर-पंपाची कपलिंग अशी असली तर बुश खातं, हे आपल्याला माहीत आहे. इथं नळी वाकते.

मग दोघं बसलो. बंदूक रिकामी आहे हे आधी बघितलं. खाच स्पिरिटनं पुसली, तेल राहू दिलं नाही. अडणी लावून रिंगांची बुडं पक्की केली. नळीला बूटपॉलिश चोळलं आणि खालच्या रिंगांत अराल्डाइटचा पातळ थर देऊन नळी अलगद टेकवली. पॉलिशमुळं नळी चिकटत नाही, पोकळी तेवढी भरते. रात्रभर हलवलं नाही. सकाळी नळी उचलली, बाहेर आलेलं खरडलं.

खांद्याला लावून पूर्ण गोल दिसेल इतकी दुर्बीण मागंपुढं केली, डोळ्यापासून साधारण तीन इंच. बंदूक लेव्हलपट्टीनं सरळ धरली, दहा मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगला आणि आतली उभी रेघ दोरीला जुळवली. वरचे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे. आपल्या हाताला नट करकचून आवळायची सवय, इथं तसं केलं तर नळी चेपते. शेवटचे स्क्रू पोराला आवळायला दिले.

20 मीटरवर पाच छरे एकाजागी पडले, पण खाली. आमच्या दुर्बिणीवर चार क्लिकला तिथं जेमतेम 6 मिलिमीटर सरकतं, त्या हिशेबानं वर घेतलं. नंतरचे पाच रुपयाच्या नाण्याखाली झाकले. मारणारा तोच होता.

"हात बरा आहे रे तुझा," एवढंच मला जमलं. तो हसला आणि म्हणाला, "मोबाइल तेवढाच बघतोय, आबा."

एक सांगणं. छऱ्यामागं कायम मातीचा बांध ठेवा. वानर, मोर, पाखरं यांच्यावर रोखायची नाही, तो गुन्हा आहे. आणि पन्नासेक छरे झाले की रिंगा सरकल्यात का बघा, मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे.

कुणी वेगळ्या पद्धतीनं बसवत असेल तर सांगा.