भिंतीवर लिहिलेलं होतं

मैत्रिणींनो, तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर काय काय लिहिलेलं असतं? दुधाचे खाडे, बाईच्या सुट्ट्या, गॅसचा सिलिंडर कधी लावला ती तारीख. महिनाअखेर हिशेब चुकता झाला, पान उलटलं की आपल्या लेखी ते आकडे संपले. मीही असंच समजत होते. पण त्याच आकड्यांनी मला एकदा असं काही शिकवलं की अजून आठवलं तरी जीव चुटपुटतो.

आमचं घर वसईत, स्टेशनपासून लांब, वाडीतलं. चार नारळ, थोडी केळी आणि मागच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं. २०१९ साली आमच्याकडे अंड्यांवरच्या चोवीस कोंबड्या होत्या. रोज पंधरा-सोळा अंडी निघत. घरात लागतील तेवढी ठेवून बाकीची आळीत रतिबाने द्यायची. म्हणून रोजच्या अंड्यांचा आकडा मी कॅलेंडरावर मांडत असे. हेतू एकच, पैशांचा हिशेब चुकू नये.

एप्रिलमधली गोष्ट. सोमवारी अकराच अंडी निघाली. सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळा आहे, कमी होणारच." मंगळवारी दहा. मला वाटलं, एखादी खुडूक झाली असेल. बादलीत पाणी उरलं होतं, दाणाही तसाच होता. दिसलं सगळं, पण मनाने घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी शेजारच्या मावशी आल्या. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. "पोरीला घरचं अंडं मिळू दे ग, दोन चांगल्या कोंबड्या दे," म्हणाल्या. मी निवडून दोन दिल्या. पैसेही घेतले.

गुरुवारी सकाळी एक कोंबडी मान वाकडी करून कोपऱ्यात बसलेली दिसली. हिरवट-पांढरी विष्ठा, पंख लोंबलेले. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. रविवारपर्यंत आमच्या बावीसपैकी सतरा गेल्या. पुढच्या आठवड्यात मावशींच्या खुराड्यातल्या नऊ आणि आमच्याकडून नेलेल्या दोन, सगळ्या गेल्या. त्या अंड्यांवर मावशींचा वरखर्च चालायचा.

आलेल्या पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लस कधी दिली होती?" ती राहून गेली होती. दुसरा प्रश्न, "अंडी कधीपासून कमी झाली?" मी आत जाऊन कॅलेंडर घेऊन आले. आणि तिथेच माझे हातपाय गळाले. सोमवार अकरा, मंगळवार दहा, बुधवार आठ. वाकडी मान दिसायच्या तीन दिवस आधी!

मी मावशींचे पैसे परत केले, वर भरपाईही देऊ केली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे ग, तुला काय ठाऊक होतं?" मी गप्प बसले. ठाऊक होतं, मावशी. माझ्याच अक्षरात भिंतीवर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही, इतकंच.

तेव्हापासून मी याबद्दल विचारत गेले, वाचत गेले. जनावर आजारी पडलं की ते आधी खाणं-पिणं कमी करतं, मग देणं कमी करतं. कोंबडी अंडी देईनाशी होते, गाय-म्हैस दुधाला उतरते. डोळ्यांना दिसणारी लक्षणं बहुधा त्यानंतर येतात. लाळ्या-खुरकुतातही दूध झपाट्याने घटतं. म्हणूनच मोठ्या पोल्ट्रीत दाणा, पाणी, अंडी आणि मेलेले पक्षी यांची रोज नोंद ठेवतात. युरोपात २००५ साली बर्ड फ्लूसाठी अशा आकड्यांची रेघच आखून दिली होती. जोखमीच्या भागात दाणा-पाणी वीस टक्क्यांहून जास्त घटलं, किंवा अंडी दोन दिवसांहून जास्त काळ पाच टक्क्यांहून अधिक कमी झाली, किंवा आठवड्यात तीन टक्क्यांहून जास्त पक्षी मेले, तर मालकाने सरकारी यंत्रणेला कळवायचंच. रोगाचं नाव काय, हे कळायची वाट पाहायची नाही.

आपल्या वीस कोंबड्यांना हे टक्के लावायचे नाहीत, बरं का! एक अंडं कमी झालं तरी पाच टक्के होतात. रोजच डॉक्टर बोलवावा लागेल. म्हणून मी घरापुरता नियम केला आहे. मागच्या सात दिवसांच्या अंड्यांची बेरीज करायची, सातने भागायचं. त्याच्या पाऊणपटीहून कमी अंडी लागोपाठ दोन दिवस निघाली की मान वर करून पाहायचं. दाणा बदलला का? ऊन वाढलं का? पिसं झडताहेत का? कोणी खुडूक आहे का? यातलं काही नसेल, किंवा जोडीला दाणाही उरत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा किंवा १९६२ वर फोन करायचा. आणि मुख्य म्हणजे, त्या दिवसापासून खुराड्यातली एकही कोंबडी बाहेर जाऊ द्यायची नाही. ना विकत, ना भेट. हा नियम तेव्हा असता, तर मावशींना त्या मंगळवारी मी रिकाम्या हाताने पाठवलं असतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला. पाठोपाठ आपल्या वसई-विरार भागातही निघाला. वेहळोलीच्या आसपास सुमारे पंचवीस हजार कोंबड्या मारायचं ठरलं, हे वाचून पोटात गोळा आला. २००६ साली नवापूरला देशात पहिल्यांदा हा रोग आला, तेव्हाच्या बातम्या आठवल्या. आळीत तर घबराटच! कोणी म्हणे विकून टाका, कोणी म्हणे कापून खा. आमचे हे सुद्धा म्हणाले, "देऊन टाकू या कोणाला तरी." मी वही काढली. दाणा रोजचा अडीच किलो, अंडी चौदा, चौदा, तेरा, चौदा. मेलेल्यांच्या रकान्यात शून्य. म्हटलं, आकडे हलले तर पहिला फोन मीच करीन. तोवर कोंबड्या कुठेही जाणार नाहीत. खुराड्याला जाळी लावली, तळ्यावरच्या बदकांपासून त्यांना लांब ठेवलं आणि रोज सकाळी वही लिहीत राहिले. आमच्या कोंबड्या वाचल्या. वहीमुळे वाचल्या असं मी म्हणणार नाही. पण घाबरून ती कोंबडी दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडण्याचं पाप या खेपेला घडलं नाही.

वहीला रोगाचं नाव सांगता येत नाही. बर्ड फ्लूत कधीकधी एका रात्रीत खुराडं रिकामं होतं, तेव्हा तर तिला बोलायलाही वेळ मिळत नाही. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका, ती कचराकुंडीत किंवा खाडीत टाकू नका, आधी कळवा. आणि राणीखेतवर औषध नाही, लस आहे. तिची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तुमच्याकडे कोंबड्या नसतीलही. पण गावाला, माहेरी, दिराकडे एखादी गाय, दोन शेळ्या असतीलच. पुढच्या खेपेला जाल तेव्हा एक दुरेघी वही घेऊन जा. चार रकाने आखून द्या: दाणा, पाणी, दूध किंवा अंडी, आणि मेलेली जनावरं. लिहायला दोन मिनिटं लागतात. फक्त तेवढ्यावर थांबू नका. रोज लिहिताना कालचा आणि परवाचा आकडाही वाचा.

मावशींना मी त्या दिवाळीत सहा तलंगा दिल्या, लस टोचून घेतलेल्या. त्यांनीही आता कॅलेंडरावर आकडे मांडायला सुरुवात केली आहे. परवाच कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "अग, दोन दिवस अंडी कमी आहेत. बघतेस का येऊन?" मी हातातलं काम टाकून गेले. खुडूकच निघाली एक. आम्ही दोघीही हसलो, पण त्यांचं खुराडं दुसऱ्यांदा नीट पाहूनच मी घरी परतले.