एका गुणाची मशाल

चौऱ्याऐंशी! त्या ट्रोलचे प्राण 84 होते. आम्ही तिघांनी तलवारी, कुऱ्हाडी चालवून ते शून्यावर आणले तेव्हा मी, पन्नाशीचा माणूस, जांबोटीच्या आमच्या सोप्यात उडी मारून ओरडलो. बाहेर पाऊस कोसळत होता, लाईट दुपारीच गेलेली. गणेश चौथीला आलेला भाचा मेणबत्तीपाशी पुठ्ठ्याचा आडोसा करून बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "मामा, मेला नाही की ओ तो." आणि ट्रोलची पाळी आली तसा तो दहा प्राण घेऊन उठला!

असा कसा उठला? मी भांडायलाच लागलो. पोरानं 2014 चं नियमांचं पुस्तक पुढे सरकवलं. ट्रोलची पाळी सुरू झाली की त्याचे दहा प्राण भरतात. आगीनं किंवा आम्लानं इजा झाली, तर पुढच्या पाळीला भरत नाहीत. आणि पाळीच्या सुरुवातीला तो शून्यावर असेल नि प्राण भरले नाहीत, तरच मरतो. बस्स, तीन ओळी. त्या वाचल्या आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या पिशवीत एक मशाल होती. पेटती मशाल मारली तर इजा किती? एक! फक्त एक गुण. तलवारीनं पुन्हा लोळवला, वरून मशाल टेकवली, आणि राक्षस संपला. त्यानंतर कितीतरी वेळ मी समोरच्या मेणबत्तीकडेच बघत होतो.

आम्ही खेळत होतो तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांनी 1974 साली आणला. एकजण पुठ्ठ्यामागून गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यात शिरतात, अडलं की वीस बाजूंचा फासा. मी याला पोरखेळ समजत होतो. (आहेच. पण मग आमचा पत्त्यांचा तीनशे चार काय आहे?) हा पुन्हा पुन्हा भरून येणारा ट्रोलही त्यांनी पोल अँडरसनच्या 1961 च्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या कादंबरीतून उचललेला.

मग मला झोप कुठली! रात्रभर भाच्याला छळलं. आपले प्राण शून्यावर आले तर? बेशुद्ध. दर पाळीला फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर एक यश, खाली पडलं तर एक अपयश. तीन अपयशं झाली की खेळ खलास. पण कुणी मंत्रानं एक प्राण जरी भरला, तरी गडी उभा. म्हणजे वैद्य जवळ असला की आपणही ट्रोलच! म्हणून खरे भयंकर राक्षस ते, जे तुमच्या औषधावरच घाव घालतात. व्हॅम्पायर चावला की तुमचे जास्तीत जास्त प्राणच कमी होतात. भांडंच लहान केलं. वैद्यानं कितीही ओतलं तरी वरून सांडणार. रात्रभर नीट विश्रांती मिळाली तरच भांडं पूर्ववत. व्हॅम्पायरचे स्वतःचे मात्र दर पाळीला वीस भरतात, पण उन्हात नाही आणि वाहत्या पाण्यात नाही. कणकुंबीला मलप्रभा उगवते त्या आमच्या मुलखात, या पावसात, बिचाऱ्यानं पाय ठेवायचा तरी कुठे?

आणि ममी! तिची सडकी मूठ लागली की शाप. शाप उतरेपर्यंत प्राण भरतच नाहीत, उलट जास्तीत जास्त प्राणच रोज घटत जातात. हे वाचलं आणि मी ताडकन उठून बसलो. अरे, हा तर अश्वत्थामा! कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा; तेल मिळतं, पण जखम भरत नाही. तेलाचा प्रश्नच नाही, शापाचा आहे. आणि जरासंध? भीम फाडतो, तो पुन्हा जुळतो. कृष्ण काडी चिरून दोन तुकडे उलटसुलट दिशांना टाकतो, तेव्हा कुठे भीमाला नियम कळतो. ताकद आधीही तेवढीच होती. रक्तबीजाचं तर विचारूच नका, त्याला जखम करणं हेच त्याचं औषध!

भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी तुम्हीच पुठ्ठ्यामागं बसा." बसणार! जरासंध मांडून झालाय: दर पाळीला सगळे प्राण परत, तुकडे उलटसुलट पडले तरच नाही. काडीची खूण कृष्ण देणार, पण एकदाच. बघत नसाल तर मरा.

फक्त एक गडी कमी पडतोय. चोर्ला घाटानं गोव्याला जाता-येता जांबोटीत थांबणार असाल, तर मुक्कामानंच या. फासे आमच्याकडे आहेत, मेणबत्त्याही.