‘क्लस्टर’, समूह आणि वाडी

‘क्लस्टर’ हा इंग्रजी शब्द अलीकडे मराठी घरांत फार ऐकूं येतो. ठाण्यांत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासास तो आधींच चिकटला होता, २०२० च्या साथींत रोग्यांबरोबर आला, आणि पुढें शाळांकडे वळला. सरकारी मराठींत त्यास ‘समूह’ म्हणतात. भाषांतर चुकीचें नाहीं. तथापि आम्हां रत्नागिरीकरांस तें अपुरें वाटतें.

मूळ इंग्रजींत हा शब्द द्राक्षांसारख्या घोसाचा. एका देठास अनेक फळें, हें त्याचें चित्र. कोंकणांत अशा शब्दांचा तोटा कधींच नव्हता. आंब्यांचा घोस, केळ्यांचा लोंगर, नारळांची पेंड, फुलांचा झुबका. बांबूचें बेटहि जमिनीखालीं मुळांनीं जोडलेलें. ‘केळ्यांचा समूह’ असें कोणा आजीच्या तोंडून कोणीं ऐकलें आहे काय? ‘समूह’ कशासहि चालतो, म्हणूनच त्यांतून डोळ्यांपुढें कांहींच उभें राहत नाहीं.

माणसांच्या घोसास आमचा शब्द वाडी. एका गांवांत अनेक वाड्या, मध्यें कातळ, वहाळ, डोंगराची सोंड. वाडींत घरें लागून. दोन वाड्यांत मात्र अंतर, आणि तें केवळ जमिनीचें नव्हे. बामणवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडी हीं नांवेंच सांगतात, कीं कोणाची जवळीक कोणाशीं होती व कोणाशीं नव्हती.

२०२३ च्या सप्टेंबरांत शिक्षण आयुक्तांनीं विसांहून कमी पटाच्या शाळांऐवजीं ‘समूहशाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविले. पुणें जिल्ह्यांतील पानशेत आणि नंदुरबारांतील तोरणमाळ हे त्यांचे नमुने. रत्नागिरी जिल्ह्यांत वाडीवाडीच्या लहान शाळा पुष्कळ, तेव्हां ही गोष्ट घरोघरींची झाली. आयुक्तांचा विचार अगदींच पोकळ नाहीं. पांच मुलांच्या शाळेंत खेळास गडी मिळत नाहींत. आणि चार वाड्यांचीं मुलें एका बांकावर बसलीं तर आम्हांस आनंदच आहे. परंतु पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरांत असावी, असा राज्याच्या नियमांत दंडक आहे, आणि आमच्याकडील किलोमीटर चढउताराचा असतो. शासन वाहन देईल म्हणावें, तर कित्येक वाड्यांस अजून पायवाटच आहे.

आषाढांत वहाळ भरून वाहतो, तेव्हां सहा वर्षांच्या पोरीनें पलीकडे कोणत्या वाटेनें जावें, हें ठरविण्यापूर्वीं त्या वाडीच्या मंडळींस विचारावें.