मापाचा सदरा

कापड विकणाऱ्या घरातील मुलाला अंगावर नीट बसेल असा सदरा मिळू नये, ही गोष्ट ऐकणाऱ्याला गमतीची वाटते. ज्याच्यावर ती ओढवते, त्याला नाही. इचलकरंजीच्या एका व्यापारी कुटुंबातील हा तरुण २३ वर्षांचा, उंची चार फूट आठ इंच, छाती ३१. पुरुषांचे तयार शर्ट ३६ किंवा ३८ मापापासून सुरू होतात. त्याखालचे माप मागितले की विक्रेता नम्रपणे मुलांच्या विभागाकडे बोट दाखवतो. तेथील शर्ट छातीला बसतो. पण रंग भडक, खिशावर एखादे चित्र, आणि प्रौढ खांद्यांना तो तोकडा पडतो.

मोठा कपडा कापून लहान करता येतो, हा समज अर्धाच खरा. पँट खालून कापली की गुडघ्यासाठी ठेवलेला आकार पोटरीवर उतरतो. बाही मनगटाकडून कापली की कफाची फट नाहीशी होते. खांद्याची शिवण दंडावर लोंबत असेल, तर सदरा उसवल्यावाचून ती वर येत नाही. एवढे करूनही खिसे मोठेच राहतात, आणि मोठ्या खिशामुळे लहान माणूस अधिकच लहान दिसतो.

दुकानाचा सारा हिशेब हा तरुण सांभाळी, तरीही गादीवर त्याला पाहून नवे गिऱ्हाईक म्हणे, “बाळ, मोठ्यांना बोलाव.” लग्नसमारंभ तो टाळू लागला. अभिषेकाला मात्र कधी चुकला नाही. धोतर-उपरण्याला शिवण नसते. ते ज्याच्या अंगावर जाईल त्याचेच होते.

आजी समजूत घालीत, “बांधा कर्माने मिळतो रे.” ते खरेच. नामकर्माच्या भेदांत सहा संस्थाने सांगितली आहेत, त्यांत वामन संस्थानही आहे. पण आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात जे आठ मद सांगितले आहेत, त्यांत शरीराचा मदही आहे. बांधा पूर्वकर्माचा असेल. त्याची थट्टा करणारा मात्र नवे कर्म बांधतो. आणि कर्माचे नाव घेऊन हातातला उपाय सोडून द्यावा, असे शास्त्र सांगत नाही.

उपाय काकांनी केला. बारीक रेघांचे सुती कापड घेऊन ते त्याला गल्लीतल्या जुन्या शिंप्याकडे घेऊन गेले. शिंप्याने छाती, खांदा, पाठ, बाही, गळा अशी मापे घेतली आणि विचारले, “मालक, बाही सैल हवी की अंगाबरोबर?” आजवर त्याला काय मिळेल हे सारे सांगत आले होते, काय हवे, हे कोणी विचारले नव्हते. आधी मांजरपाटावर कच्ची शिलाई झाली. कॉलर अरुंद झाली, खिसा लहान झाला, बटणांमधले अंतर कमी झाले. दुसऱ्या खेपेस सदरा बसला. मापांचा कागदी नमुना शिंप्याने नाव घालून जपून ठेवला.

शिलाई तयार शर्टाहून महाग पडली. पण फेकून दिलेल्या शर्टांचा हिशेब मांडल्यावर ती स्वस्तच ठरली. हा हिशेब त्या तरुणानेच वहीत मांडून काकांना दाखवला. आता त्या दुकानात लहान मापाचे गिऱ्हाईक आले की त्याला मुलांच्या विभागाकडे पाठवले जात नाही. त्याला खुर्ची देतात, कापड दाखवतात आणि शिंप्याला बोलावणे धाडतात. त्याचे माप वहीत उतरवून घेण्याचे काम तो तरुण दुसऱ्या कोणाकडे सोपवत नाही.