पहाटेची वाटणी

मॅरेथॉन धावून आलेल्या माणसाला परिचितांकडून दोन प्रश्न हमखास विचारले जातात. किती वेळात धावलात, हा पहिला; आणि तयारीला वेळ कुठून काढलात, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तास-मिनिटांत देऊन मोकळे होता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना आम्ही दोघे अजूनही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. कारण वेळ ‘काढला’ म्हटले की तो आपल्याच खिशातून काढल्यासारखे वाटते, आणि आमच्या खिशात तो नव्हता, हे आम्हा दोघांनाही पक्के ठाऊक आहे.

आम्ही म्हणजे वसईतले चारचौघांसारखे एक जोडपे. वय पन्नाशीच्या आसपास. एकाची नोकरी मुंबईच्या बँकेत. सकाळी साडेसहाला घर सोडावे आणि रात्री साडेआठला परतावे, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. दुसरीची नोकरी गावातल्याच शाळेत; परंतु शाळा सुटली तरी वह्यांचे गठ्ठे घरी येतातच. मुलगा दहावीला. आणि घरात आई. २०२१ साली आलेल्या पक्षाघाताने आईची उजवी बाजू गेली. वाचा राहिली, पण अडखळती. कुणीतरी सतत हाकेच्या अंतरावर असावे लागते. रात्रीतून दोन-तीनदा कूस बदलून द्यावी लागते. दिवसा सोबतीला एक बाई येतात. रात्र आणि पहाट आमच्याकडे.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे होत होती. त्याच महिन्याच्या १९ तारखेला मुंबई मॅरेथॉन होती. अर्ध-मॅरेथॉन दोघांचीही पूर्वी धावून झाली होती, मात्र एकाच दिवशी कधीही नाही. एक धावे तेव्हा दुसरे घर सांभाळी. या वेळी पूर्ण अंतर धावायचे आणि बरोबर धावायचे, असे ठरले. नावे नोंदवली तेव्हा पावसाळा होता. घराची घडी बसवून प्रत्यक्ष सुरुवात केली तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. हातात सोळा आठवडे उरले होते.

हे अंतर आहे ४२ किलोमीटर १९५ मीटर. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिम्पिक झाले, तेव्हा मॅरेथॉन साधारण ४० किलोमीटरची होती आणि ती ग्रीसच्याच स्पिरिडॉन लुई याने जिंकली. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विंडसर राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंत जो मार्ग आखला गेला, त्याची लांबी पुढे १९२१ साली कायमची ठरली. शेवटचा एकेक मीटर जिवावर येत असताना हे वरचे अंतर कोणामुळे वाढले याची माणसाला आठवण झाली तर त्यात नवल नाही!

आपल्याकडचा इतिहासही जुना आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील स्पर्धांत अनवाणी, लांबच लांब धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने पुढल्याच वर्षी भारतीय खेळाडू अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षाही लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले तीत एकोणिसावे आले. त्या पिढीचे पाय शेताच्या बांधावर तयार झालेले. आमच्यातील एकाचे पाय लोकलमध्ये उभे राहून आणि दुसरीचे फळ्यासमोर उभे राहून तयार झालेले. उभे राहण्याचा सराव दांडगा होता. प्रश्न फक्त पुढे सरकण्याचा होता.

वेळ थोडा असला की काय करावे यापेक्षा काय सोडावे हे आधी ठरवावे लागते. धावणारी मंडळी आठवड्यातून पाच-सहा दिवस धावतात, असे आम्ही ऐकून होतो. ते आम्हाला शक्य नव्हते. अमेरिकेतील फर्मन विद्यापीठातले बिल पिअर्स आणि स्कॉट मर यांनी आठवड्यातून तीनच धावांची पद्धत मांडली आहे: एक धाव लहान लहान वेगवान टप्प्यांची, एक मध्यम अंतराची पण नेटाने धावायची आणि एक लांब पल्ल्याची. बाकीच्या दिवसांपैकी दोन दिवस सायकल किंवा पोहणे. आम्ही या तीन धावा उचलल्या आणि वेगाचा आग्रह सोडून दिला. स्टेशनपर्यंतची रिक्षा सोडून सायकल घेतली, तेवढाच पूरक व्यायाम.

मग पहाटेची वाटणी झाली. मंगळवार-गुरुवार एकाचा, बुधवार-शुक्रवार दुसरीचा. वेळ सव्वाचार ते सव्वापाच. शनिवारची लांब धाव एकीची, रविवारची दुसऱ्याची. सोमवारी दोघांनाही सुट्टी. एक बाहेर असताना दुसऱ्याने आईजवळ जागे राहायचे, आणि मुलाला कोणत्याही कारणाने उठवायचे नाही. रविवारी धावणाऱ्याने शनिवारी संध्याकाळीच मिस्साला जावे, हेही त्यातच ठरून गेले. याप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचे पाच-सहा तास आले. बरोबर धावण्यासाठी घेतलेल्या या तयारीत आम्ही एकदाही बरोबर धावणार नव्हतो!

पहिले दोन आठवडे आम्ही हळू धावायला शिकलो. हसू येईल, पण ही विद्या कठीण आहे. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. येत नसेल तर गती जास्त झाली, इतकी साधी ही कसोटी. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. हाडे आणि स्नायूंना बांधणारे कंडरे मात्र सावकाश बळकट होतात. दम टिकला म्हणून अंतर एकदम वाढवले, तर पोटरी आणि गुडघे त्याची वसुली करतात. म्हणून लांब धाव आठवड्याला दोन किलोमीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर चौथ्या आठवड्याला ती कमी करायची, असा नेम केला. त्यातच जेफ गॅलोवे या अमेरिकी ऑलिम्पिक धावपटूने रुजवलेली पद्धत स्वीकारली: चार मिनिटे धावायचे, एक मिनिट चालायचे, आणि तेही थकण्याच्या आधीपासून. चालताना पाहून एका शेजाऱ्यांनी विचारले, “दमलात काय?” आम्ही म्हटले, “दमू नये म्हणून चालतो.”

आमच्या वाटा निरनिराळ्या होत्या. रविवारी धावणारा निर्मळ, नंदाखाल, आगाशी करीत अर्नाळ्याच्या समुद्रापर्यंत जाऊन येई. शनिवारी धावणारीला अंधारात एकटीने तितके लांब जाणे शहाणपणाचे नव्हते. तिने घराभोवतीच्या दिव्यांच्या रस्त्यांवर तीन किलोमीटरचे एक वर्तुळ आखून घेतले, आणि सारी लांब अंतरे त्याच वर्तुळात पुरी केली. अठरा किलोमीटर म्हणजे सहा फेऱ्या. दूधवाला पहिल्या फेरीला भेटे, पाववाला तिसऱ्या फेरीला, आणि चर्चची घंटा ऐकू आली की पुढली फेरी शेवटची. दिसायला नवे काही नाही आणि घराचे फाटक दर वेळी समोर येते. अशा वाटेवर पाऊल पुढे टाकत राहणे हे अर्नाळ्याला जाऊन येण्यापेक्षा अवघड होते, याबद्दल आमच्यात दुमत नाही.

या तयारीत एक गोष्ट आमच्या ध्यानीमनी नसताना घडली. रात्री आईची कूस बदलायला आम्ही अर्ध्या झोपेत येत असू आणि तसेच परतत असू. आता चार वाजता दिवा लावून कुणीतरी तिच्याजवळ बसू लागले, तेव्हा कळले की आई साडेतीनपासून रोज जागीच असते. ती सवय जुनी. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनपर्यंत पायी जायचे आणि पहिल्या गाडीने दादरचा बाजार गाठायचा, हे तिने ऐन उमेदीची कितीतरी वर्षे केले होते. पाय गेले, पण तिची पहाट गेली नव्हती.

धावून आलेल्याला ती विचारी, “कुठवर?” तिचे माहेर नंदाखालचे, त्यामुळे त्या वाटेवरची प्रत्येक विहीर तिला ठाऊक. विहिरीचे नाव सांगितले की तिथले पाणी गोड की मचूळ, ते ती अडखळत सांगे. वर्तुळात धावणारी म्हणे, “इथंच, आई, सात फेऱ्या.” त्यावर आई एकदा म्हणाली, “पाटीवालीची वाट पण तीच असायची रोज.” घरी राहिलेल्याच्या वाट्याला या गोष्टी आणखी निवांतपणे येत. पाटी कुठे टेकवीत, पावसात पालेभाजी कशी झाकीत, हे सारे आम्हाला त्या सोळा आठवड्यांत, तुकड्यातुकड्यांनी समजले. एकाने ऐकलेला तुकडा दुसऱ्याला संध्याकाळी कळे, आणि पुढला तुकडा दुसऱ्या पहाटेला.

खाण्यापिण्याचा अभ्यासही करावा लागला. शरीर कर्बोदकांचा जो साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवते, तो साधारण तीसएक किलोमीटरला सरत येतो, आणि मग पाय अकस्मात शिशाचे होतात. म्हणून वाटेत थोडे थोडे खावे लागते. त्यासाठी बाजारात चिकट गोड पाकिटे मिळतात. आम्ही आपली सुकेळी खिशात बाळगली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला हा आपल्या वसईचा मेवा पाऊणएक तासाने एक, या हिशेबाने पोटाला उत्तम मानवला. पाण्याबाबत मात्र उलट सावधगिरी हवी. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, त्यांतील १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले. गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हे त्याचे मुख्य कारण होते. तहान लागेल तेवढेच प्यावे, हा जुना नियम पुरेसा आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला ताप भरला. छातीत कफ झाला, आणि चार रात्री आम्ही आळीपाळीने बसून काढल्या. सव्वीस किलोमीटरची धाव दोघांचीही राहिली. स्पर्धा सहा आठवड्यांवर आली होती. राहिलेले अंतर पुढल्या आठवड्यात जोडून घेण्याचा मोह प्रबळ होता. पण दोन आठवड्यांचे ओझे एकाच आठवड्यात पायांवर टाकले म्हणजे दुखापतीला आमंत्रणच. त्यात दोघांपैकी एकाने अंथरूण धरले असते तर आईला वळवणार कोण? जावे की न जावे, सारेच रद्द करावे काय, अशी आमची कुजबुज आईच्या कानावर गेली असावी. ताप उतरल्यावर ती म्हणाली, “वाट कुठं पळून जात नाही.” राहिलेली धाव आम्ही राहू दिली आणि पुढले पान उलटले.

सर्वांत लांब, तीस किलोमीटरची धाव नाताळनंतरच्या शनिवार-रविवारी, म्हणजे २८ आणि २९ डिसेंबरला आली. घरात पाहुणे, ताटांत नेवऱ्या आणि केक, रात्री गप्पांचे फड. आणि आम्ही नऊ वाजता झोपायला निघालेले! पाहुण्यांनी थट्टा केली, पण पहाटे आईजवळ बसायला त्यांच्यातल्याच दोघी उठल्या. ‘वेळ काढला’ म्हणावे, तो असा निघाला. तीसच्या पुढे आम्ही मुद्दाम गेलो नाही. त्याहून लांब सराव केला तर शरीर सावरायला जे दिवस लागतात, ते आमच्याजवळ नव्हते. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत नेले. शरीर बळकट होते ते धावताना नव्हे, धावून आल्यावरच्या विश्रांतीत. हे पुस्तकात वाचलेले आता अंगाला पटले.

१९ जानेवारीला मोठी ताई आईजवळ राहायला आली. आदल्या रात्री मुंबईला नातेवाइकांकडे उतरून आम्ही अंधारातच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचलो. सोळा आठवड्यांत प्रथमच आम्ही शेजारी शेजारी धावत होतो. पंचवीस वर्षांच्या संसारात एकमेकांच्या धावण्याचा श्वास आम्ही कधी ऐकला नव्हता. वर्तुळात धावलेली शेवटपर्यंत एका लयीत राहिली. अर्नाळ्याला गेलेल्याच्या पोटरीत पेडर रोडच्या चढावर गोळा आला. तो चढ आम्ही चालूनच चढलो. पाच तास शेहेचाळीस मिनिटांनी अंतर संपले. घरी आल्यावर आईने विचारले, “कुठवर?” दादरच्या पुढे, वांद्र्याच्या समुद्रावरच्या पुलापर्यंत आणि परत, असे आम्ही सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “पाटी नव्हती ना डोक्यावर.”

वाचकहो, आपल्यापैकी कुणी थोड्या वेळात मोठे अंतर धावण्याचे मनात घेतले असेल, तर आठवड्याच्या तीन धावा, संथ गती आणि पुरेशी झोप एवढ्यावर ते साधते. मात्र वेळापत्रक भिंतीवर लावण्यापूर्वी आपण बाहेर असताना घरी कोण जागे राहणार, त्याचे नाव त्यावर आधी लिहावे. ते नाव लिहिले की एकही पहाट वाया घालवण्याचे धैर्य होत नाही.

आता आम्ही आठवड्यातून दोनदाच धावतो. चारचा गजर मात्र तसाच ठेवला आहे. आईजवळ बसायची मंगळवारची पाळी कोणाची, यावरून अजूनही थोडी हुज्जत होते; कारण दादरच्या बाजारातली एक गोष्ट अर्धी राहिली आहे, आणि ती पुरी ऐकायची दोघांनाही घाई आहे.