उणे वीसची टिपणं

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत उणे तापमान बघायचं असेल तर चिलिंग प्लांटमध्ये यावं. बाहेर मे महिना, अंगाला शर्ट चिकटलेला, आणि हाताच्या अंतरावरच्या लाइनमधून उणे वीस अंशांचं ब्राइन वाहतंय. पाइपावर पफचं लॅगिंग, म्हणजे थंडी धरून ठेवणारं आवरण, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा. पत्र्याचा सांधा जिथे उघडा पडलाय तिथे बर्फाचा गोळा धरलेला असतो. त्या फटीतून दमट हवा आत शिरते, थंड पाइपाला टेकली की तिचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ. भिजलेलं लॅगिंग असून नसल्यासारखं. लॅगिंगवाला येतो तेव्हा त्यावर आणखी थर चढवत बसत नाही. आधी ओलं झालेलं सगळं खरवडून काढतो, कोरडं नवं बसवतो, मग सांधे बंद करतो.

बर्फात जाणाऱ्या माणसाचं गणित हेच आहे. फरक एवढाच की त्याची ओल बाहेरून कमी आणि आतून जास्त येते.

*

डिसेंबर लागला की प्लांटमधली पोरं उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकची तयारी करू लागतात. चंदेरी, ताहुली, मलंगगड पायाखाली घातलेली पोरं. चालण्याची भीती नाही. प्रश्न एकच: "साहेब, जॅकेट किती जाड घेऊ?" आपल्याकडे बदलापूरचा पारा बारा-तेरावर आला की बातमी होते, त्यामुळे उणे दहा म्हणजे काय याचा अंदाज कुणालाच नसतो, आणि अंदाज नसला की माणूस जाडी विकत घेतो.

*

कपडा ऊब देत नाही. ऊब देतं शरीर. नुसता बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. तोच पाठीवर सॅक घेऊन चढाला लागला की पाच-सहाशे वॅटपर्यंत जातो. म्हणजे तंबूबाहेर चहा पिताना जे जॅकेट बरोब्बर, तेच अर्ध्या तासाच्या चढावर पाचपट जास्त. प्लांटमध्ये लोड वाढला की कंट्रोल व्हॉल्व्ह हलतो. अंगावर मात्र चेन आणि बटणं आपल्यालाच उघडावी लागतात. म्हणून एक जाड कपडा कुचकामी, तीन पातळ कामाचे. आतला घाम ओढून घेणारा, मधला हवा धरून ठेवणारा, बाहेरचा वारा आणि बर्फ अडवणारा.

निघताना थोडं गारठायला झालं पाहिजे. दहा मिनिटांत चालण्यानं अंग तापतं. निघतानाच उबदार वाटत असेल तर पहिल्या वळणावर घाम फुटणार, आणि वर पोचून थांबलात की तोच घाम हाडात शिरणार.

*

उल्हासनगर जीन्सचं गाव. कॅम्प पाचमध्ये गल्लोगल्ली जीन्स शिवल्या जातात, मुंबईच्या दुकानांतून नावं बदलून विकल्या जातात. त्यामुळे इथल्या पोराच्या सॅकमध्ये जीन्स असणारच. बर्फासाठी याहून वाईट कापड शोधून सापडणार नाही. जाड सुती वीण पाणी पिते, गुडघ्याला चिकटते, वाळत नाही, आणि थंडीत कडक होते. पाणी उष्णता वाहून नेतं ते स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट. ओली जीन्स म्हणजे मांडीला लावलेला चिलर.

सुती बनियनचं तेच. अंगालगतचा थर पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा हवा. 'थर्मल' म्हणून बाजारात जे मिळतं त्यात बरंच सुती निघतं. पाकिटावरच्या बर्फाच्या चित्राकडे बघू नका, आतलं लेबल वाचा. क्रिकेटचा पॉलिएस्टर टी-शर्ट हा त्या सुती थर्मलपेक्षा चांगला, आणि तो घरात पडलेला असतोच.

*

पिसांच्या जॅकेटची गोष्ट आमच्या केमिकलवाल्यांनी तरी माहीत करून घ्यावी अशी आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच हा रसायनशास्त्रज्ञ होता. जन्म ऑस्ट्रेलियातला, शिक्षण झुरिचचं. बाकीची मंडळी लोकर, गॅबर्डिन, मफलर अशा इंग्रजी थाटात. फिंचनं बलूनचं कापड घेतलं, त्यात आयडर बदकाची मऊ पिसं भरली आणि कोट शिवून घेतला. सोबत्यांनी चेष्टा केली. वर वारा सुटल्यावर चेष्टा थांबली. २७ मे १९२२ ला तो आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन लावून सुमारे २७,३०० फुटांपर्यंत गेले. तोवर इतक्या उंचीवर कुणी माणूस चढला नव्हता. तरी १९२४ च्या मोहिमेत त्याला घेतलं नाही. बड्या घरच्या मंडळींना तो आपल्यातला वाटत नव्हता, असं वाचल्यावर वाटतं.

हाच फिंच १९५२ ते १९५७ पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. एनसीएलचं नाव आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक. पण आज केदारकंठावर जो तो जे घालून फिरतो त्या फुगीर जॅकेटचा आजोबा तिथल्या खुर्चीत पाच वर्षं बसला होता, हे एनसीएलच्या नावानं शपथ घेणाऱ्यांनाही सांगावं लागतं.

*

पिसं गरम नसतात. ती फुगतात आणि हवा अडकवून धरतात. भिजली की चोथा होतो, हवा गेली, ऊब गेली. म्हणून पिसांचं जॅकेट चालताना घालायचं नाही, थांबल्यावर घालायचं. घामानं भिजलेलं महागडं जॅकेट आणि भिजलेलं लॅगिंग, दोन्हींची भंगारात एकच किंमत.

*

धनगरी घोंगडीची आठवण इथे येतेच. दख्खनी मेंढीची राठ लोकर, अंगाला टोचते, वजनाला भारी. पण पाऊस झेलते आणि ओली झाल्यावरही ऊब पूर्ण सोडत नाही. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. पाठीवर घेऊन बर्फात चालायची वस्तू नव्हे ती, पण आजीच्या घोंगडीला हसून जे फ्लीस विकत घेतो ते प्लॅस्टिकच्या धाग्यातून लोकरीचीच नक्कल करतं.

*

कोल्ड स्टोअरमध्ये काम करणाऱ्या हेल्परकडे बघावं. फ्रीजर जॅकेट दाराबाहेर खुंटीला. आत जाण्यापूर्वी तो मान, पाठ टॉवेलनं कोरडी करतो, मग जॅकेट चढवतो, प्लॅस्टिकच्या पट्ट्या बाजूला सारून उणे वीसमध्ये जातो. बाहेर आला की चेन लगेच खाली. नवा आलेला पोरगा जॅकेट घालूनच बाहेर गप्पा मारत उभा राहतो. दुसऱ्या फेरीत त्याचेच दात वाजतात. जुन्या हेल्परलाही याचं ट्रेनिंग कुणी दिलेलं नसतं.

*

वारा. उणे दहा अंश आणि ताशी तीस किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते साधारण उणे वीससारखं लागतं. अमेरिका आणि कॅनडा २००१ पासून ज्या सूत्रानं हे काढतात त्यातून हा आकडा येतो. फ्लीसमधून वारा आरपार जातो. वर पातळ विंडचीटर, ज्याला आपल्याकडे 'पॅराशूट' म्हणतात, तो घातला की तेच फ्लीस दुप्पट गरम वाटतं. हा थर उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्येही मिळतो आणि तो नावाजलेल्या कंपनीचा असण्याची काही गरज नाही.

*

डोक्यातून निम्मी उष्णता जाते असं सांगतात. खोटं आहे. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा. उघडं ठेवलं तर त्या प्रमाणातच जाईल. पण कान आणि नाक आधी बधिर होतात, तेव्हा कानटोपी हवीच. पहाटेच्या पहिल्या लोकलला अंबरनाथहून चढणारे काका जी घालतात तीच चालेल.

*

स्कीइंग वेगळं. औलीत शिकाऊ माणूस पहिले दोन-तीन दिवस घसरण्यापेक्षा पडण्यात आणि स्की आडव्या टेकवत उतार चढण्यात घालवतो. म्हणजे आतून घाम आणि बाहेरून बर्फ, दोन्ही. ढुंगण आणि गुडघे सतत बर्फात, म्हणून पँट पाणी अडवणारी पाहिजे. ही नसेल तर वरचं सगळं व्यर्थ. हातमोज्यांचं मनगट बाहीच्या आत किंवा वर घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक पडण्याला मूठभर बर्फ आत. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन जाड मोजे घालून बूट आवळला की रक्त पुढे सरकत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. हे सांगून कुणाला पटत नाही, बूट चढवल्यावर पटतं.

आणखी एक. शून्याच्या आसपासचं ओलं बर्फ हे उणे पंधराच्या कोरड्या बर्फापेक्षा कपड्यांना जास्त छळतं. कोरडं झटकून जातं, ओलं मुरतं.

*

अंटार्क्टिकाला जाणारे आपले लोकही आधी औलीतच तयार होतात, इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथं पोचली. आजही ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र वास्कोलाच आहे. देशातली सगळ्यात थंड कामगिरी गोव्याच्या उकाड्यात आखली जाते याचं आम्हाला नवल वाटायला नको. आमचा उणे वीसही अंबरनाथच्या उकाड्यातच तयार होतो.

*

मनालीत रस्त्याकडेच्या नंबरवाल्या दुकानांत अंगभर 'ड्रेस' आणि गमबूट भाड्यानं मिळतात. ड्रायव्हर हमखास ठरलेल्या नंबरालाच गाडी थांबवतो. फोटोपुरतं ठीक. आत हात घालून बघा. आधीच्या गिऱ्हाइकाची ओल अस्तरात असेल तर दुसरा मागा.

*

बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नये, शेकोटीवर धरू नये. बधिर बोटाला चटका कळत नाही. काखेत धरावं, खाली उतरल्यावर सदतीस ते एकोणचाळीस अंशांच्या कोमट पाण्यात बुडवावं, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत वितळवूच नये. ब्रँडीनं ऊब येते हा भ्रम. कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, गरम वाटतं, आणि आतली उष्णता बाहेर जाते.

*

पैसे मोजके असतील तर असे लावा: आधी बूट, मग हातमोजे, मग पाणी अडवणारी पँट. जॅकेट शेवटी, आणि तेही पायथ्याच्या सांकरी किंवा जोशीमठला भाड्यानं मिळतं. जीन्स घरी ठेवा.