बदलला म्हणतो, पण घरात विचारा

1991 साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिली. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय. दोनशेवर पुरुषांनी उत्तरं पाठवली आणि त्यातून 1993 मध्ये ‘मावा’ म्हणजे ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूझ’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदाणी तिच्या संस्थापकांपैकी एक. मथुरा बलात्कार प्रकरणाच्या निकालानंतर, 1980 पासून बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. पुरुषांना यायला एवढा वेळ लागला.

बायकोला मारणाऱ्या पुरुषांसाठीचा आमचा गट ‘मावा’चा नव्हे. उपनगरातल्या एका वस्तीत, बालवाडीच्या खोलीत तो रविवारी सकाळी भरतो. चालवतात दोन पुरुष कार्यकर्ते. माझ्याकडे काम त्यांच्या बायकांशी बोलायचं, तेही वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी. नवऱ्यादेखत कोण खरं सांगणार?

तिथे एक रिक्षावाला येतो, पस्तिशीतला. बायकोने चौकीत एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवल्यावर शेजारच्या काकांनी त्याला आणलं. हे काका म्हणजे तेच, ज्यांनी वर्षानुवर्षं मधल्या पत्र्यातून सगळं ऐकून टीव्हीचा आवाज वाढवला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त 14 टक्क्यांनी मदत मागितल्याचं दिसलं. पत्र्यापलीकडच्यांना मात्र कुणी न सांगताच सगळं माहीत असतं.

पहिल्या खेपेला त्याचं नेहमीचंच: धंदा नाही, हप्ता थकला, तिची जीभ फार चालते. कार्यकर्त्याने अडवलं नाही. फक्त विचारलं, “हप्त्यासाठी वसुलीवाला दारात येतो ना, त्याला किती वेळा मारलंस?” खोलीत हसू फुटलं. तो हसला नाही.

मग शेवटच्या मारहाणीचा प्रसंग क्रमाने सांगायचा होता. दार कुणी लावलं, मुलं कुठे होती?

“पोरगी पलंगाखाली होती.”

“तुला कसं कळलं?”

“पाय दिसत होते.”

म्हणजे त्याने पाहिलं होतं, तरी थांबला नव्हता. त्यानंतर बराच वेळ तो चहाच्या कागदी कपाची कड दुमडत बसला, असं कार्यकर्त्याने मला सांगितलं.

गटात ठरलेलं साधं आहे. डोकं तापायला लागलं की घराबाहेर पडायचं, काकांना फोन करायचा आणि दोघांनी नाक्यापर्यंत चक्कर मारायची. गुत्त्याच्या दिशेला नाही. काही महिन्यांनी त्याने सांगितलं, आता हात लावत नाही. टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात त्याची बायको मला म्हणाली, “मारत नाही ताई, खरंय. पण मोबाइल काढून घेतो, कुणाशी बोलले ते बघतो. दुधाचे पैसेसुद्धा मोजून देतो.”

हे गटात जसंच्या तसं न्यायचं नसतं, नाहीतर घरी तिलाच भोगावं लागतं. म्हणून कार्यकर्त्यांनी कुणाचं नाव न घेता पुढच्या बैठकांना पैसा आणि फोन हेच विषय ठेवले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर भावनिक आणि आर्थिक छळही येतो, हे बहुतेकांना तिथेच पहिल्यांदा कळलं. काही जण त्यानंतर फिरकलेच नाहीत. मार सोडायला ते एक वेळ तयार होते, पाकीट सोडायला नव्हते. मला विचाराल तर गटाचं खरं काम तिथून सुरू झालं.

रिक्षावाला येतो अजून. त्याच्या बायकोने पोस्टात स्वतःचं खातं उघडलंय. मोबाइलचं काय, विचारलं तर “बघू” म्हणते. एनसीचा कागद तिने आईकडे ठेवलाय. तक्रार मागे घे, असं गटातल्या कुणीही तिला सांगायचं नाही, हा आमचा नियम. सासूने मात्र दोनदा विचारून झालंय.